नानांचा मोकळा रस्ता

उमरग्यात बसस्टँडमागं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी अजून विचारलेलं नाही. कानावर स्क्रू ड्रायव्हर आणि कॅबिनेटवर तळहात, ताप बघितल्यासारखा.

माझ्या वडिलांनी, नानांनी, सगळी हयात ट्रक चालवला. पाठीनं साथ सोडल्यापासून ते घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ट्रकचा गेम खेळतात. गेम अडखळायला लागला म्हणून मी हौसेनं भारीतलं ग्राफिक्स कार्ड बसवलं. तरी ट्रक अडखळतच होता. आता जुना प्रोसेसरही बदलून टाकावा म्हणून कॉम्प्युटर आणि नाना, दोघांना घेऊन मी त्याच्याकडं गेलो.

तो कुणाचंही मशीन आधी खोलत नाही. मालकाला त्यावर नेहमीचं काम करायला लावतो आणि मागं उभा राहतो. हायवेवरच्या आपल्या दिवसांबद्दल बोलत नानांनी गेममधला ट्रक काढला. मागं उभा राहून तो माणूस पडद्याच्या कोपऱ्यातले, कार्ड आणि प्रोसेसर किती राबतायत ते दाखवणारे आकडे बघत राहिला.

"कार्ड निवांत बसलंय," तो मला म्हणाला. "रस्त्यावरच्या समद्या गाड्या हाकायचं काम ह्या जुन्या प्रोसेसरचं. त्यो दमलाय. बदलू नका, त्याचं वझं कमी करू."

त्यानं गेममधली वाहनं अगदी कमी केली आणि डोंगर, झाडं, ढग वाढवले. ते काम नव्या कार्डाचं. ट्रक न अडखळता पळाला.

"नाना, आता गर्दी न्हाय. डोंगर बघत चालवा."

नानांनी खरंच ट्रक कडेला लावला आणि ते डोंगर बघत बसले. मी निघायची घाई केली, तर तो हळूच म्हणाला, "बसू द्या. इतकी वर्सं हायवेला त्यांना कवा थांबता आलंय?"