मुदस्सिरचा खराटा

मुदस्सिर परकार स्वच्छतेच्या बाबतीत असह्य माणूस आहे. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. तो हर्णैचा, मी आबासाहेब, फलटणकडचा. मदिनत अश शमालजवळ अबू राशिद नावाच्या कतारी गृहस्थांचा मजरा आहे, म्हणजे वाडीच म्हणा. तिथे मी गाडी चालवतो आणि तो पाखरं सांभाळतो. दोघांची खोली एक. माझ्या चपला रोज सरळ रेषेत कोण लावतं, ते सांगायला नको.

वाडीत जाळी लावलेलं एक मोठं दालन आहे. आत उंबर, बदाम, वरून पाण्याचे फवारे. तिथे निकोबारी कबुतरांची एक जोडी राहते. ही आपल्या गच्चीवरची कबुतरं नव्हेत. उष्ण समुद्रातल्या लहान लहान बेटांवरच्या रानातच ती सापडतात. मानेवर केसांसारखी लांब पिसं, पाठीवर हिरवा-तांबूस झगमगाट आणि शेपूट मात्र पांढरंशुभ्र. "शेरवानीखाली कुणी धोतर नेसवलंय," असं मी पहिल्यांदा पाहून म्हणालो, तर मुदस्सिर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मादी एका वेळी एकच अंडं घालते. दोन वर्षं ती फांदीवर बसवलेल्या फळीवर अंडं घालायची, ते घरंगळून खाली पडायचं आणि फुटायचं. अबू राशिद भला माणूस, पण शेवटी त्यांचाही धीर सुटला. "या हंगामात पिल्लू झालं नाही तर जोडी अल खोरच्या माझ्या मित्राकडे जाईल. त्याच्याकडे जाणकार माणूस आहे," ते म्हणाले. मुदस्सिर "जी, बाबा" म्हणाला आणि त्या दिवशी जेवला नाही. जीव लावलेली पाखरं जाणार, आणि तीही तुला जमत नाही म्हणून.

त्याने काय करायचं बाकी ठेवलं होतं? भिजवलेले शेंगदाणे घातले, पपई घातली, शिंपल्यांचा चुरा घातला. त्याच्या बायकोने, रिफतवहिनींनी, फोनवर सांगितलेली दुआ वाचली. फळीवर काथ्या अंथरला, तो मादीने लाथाडून दिला. आणि रोज पहाटे फजरची नमाज झाली की खराटा घेऊन सगळं दालन लख्ख. पान नाही, काडी नाही. अबू राशिद पाहुण्यांना ती जमीन कौतुकाने दाखवायचे.

मार्चमध्ये पाण्याचं पिंप उचलताना मुदस्सिरच्या कमरेत उसण भरली. पाच दिवस तो अंथरुणात. पाखरांचं मी बघायचं ठरलं. मी दाणा घातला, पाणी बदललं आणि खराट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या बायकोने, बबीताने, मला कधी झाडताना पाहिलं असेल तर शपथ.

सहाव्या दिवशी तो कमरेला पट्टा बांधून आला. आत पाऊल टाकलं आणि थिजला. पानं, काटक्या, सालपटं, सगळीकडे.

"आबा, ह्या कय केलंस? उकिरडा हाय का ह्यो?"

"कंबर गेली तरी जीभ शाबूत आहे म्हणायची," मी म्हणालो. त्याने खराटा उचलला.

तेवढ्यात नर खाली उतरला. त्याने दोन-चार काटक्या उचलून टाकून दिल्या, एक पसंत केली, ती चोचीत धरून फळीवर गेला. मादीने ती घेतली आणि पोटाखाली सरकवली. नर पुन्हा खाली. फळीवर काटक्यांचा चांगला वीतभर ढीग जमला होता.

मुदस्सिरने खराटा हळूच खाली ठेवला. "दोन वर्सा," तो म्हणाला, "दोन वर्सा मी रोज त्यांचा घर झाडून बाहेर टाकत व्हतो."

मी थट्टा करणार होतो, पण त्याचा चेहरा पाहून तो खराटाच उचलून दाराबाहेर ठेवला. माझ्या आळसाचं श्रेय मात्र पुढे मी पुरेपूर वसूल केलं.

या वेळचं अंडं काटक्यांत रुतून बसलं. महिनाभर दोघं आळीपाळीने त्यावर बसली. मुदस्सिर स्वतः बदामाच्या बारीक फांद्या मोडून खाली पसरायचा. हात मात्र शिवशिवायचे, म्हणून तो सूड आमच्या खोलीवर उगवायचा. मी दिवसातून दोनदा पाय वर घेऊन बसायला शिकलो.

मेच्या सुरुवातीला अबू राशिद पाहुण्यांना घेऊन आले. जमीन पाहताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय? यल्ला, झाडून घे."

आठ वर्षांत मालकापुढे या माणसाच्या तोंडून 'जी' सोडून शब्द निघाला नव्हता. तो खराट्यासमोर आडवा उभा राहिला. "ला, बाबा," तो म्हणाला. "मी झाडणार नाही."

मुदस्सिरने बोट वर केलं. मादीच्या पंखाखालून एक उघडंबोडकं, काळपट, अत्यंत कुरूप डोकं बाहेर आलं आणि त्याने आईच्या चोचीत चोच घातली. मला एवढा आनंद माझ्या लग्नातही झाला नसेल.

अबू राशिदनी आपल्या चपला काढून हातात घेतल्या. मग पाहुण्यांकडे वळून हळूच म्हणाले, "चपला काढा, पानं वाजतील." मुदस्सिरच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "अल खोरला मी कळवतो. त्यांचा जाणकार माणूस तुझ्याकडे शिकायला कधी पाठवायचा, ते तू ठरव."