उजेडात धरलेली चिठ्ठी

"नाव सांगा. तुमच्या तोंडून सांगा." समोर सख्खी बहीण बसली असती, तरी नमुन्याच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवण्यापूर्वी आमच्या तंत्रज्ञांनी हेच म्हटले असते. लावलेले कुलूप तीनदा ओढून पाहणारे गृहस्थ आपणही पाहिले असतील, हे त्यांतले.

गोंदियातल्या त्या प्रयोगशाळेत मी चाळिशीत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. ते तिथले सर्वांत जुने. मी लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी ते उजेडात धरून वाचत.

"मॅडम, तुमच्यावर भरोसा आहे. चिठ्ठीवर नाही."

मी पुढची चिठ्ठी लिहायला घेई.

एके दिवशी अहवालांत त्यांच्या पत्नीचे नाव आले. गर्भाशयाच्या मुखाच्या पेशी बिघडल्या होत्या, विषाणूही सापडला होता. डॉक्टरांनी लगेच नागपूर गाठायला सांगितले. बाटलीवरचे अक्षर माझे होते.

"नमुन्याची अदलाबदल झाली," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. "दुसरा घेऊ. चिठ्ठी मी लिहीन."

घरून, कुडव्याहून, त्यांच्या पत्नी पुन्हा आल्या. यांनी पेन उचलले. "नाव सांगा."

"का जी, तीस वर्षं झाली लग्नाले, अन् आता नाव पुसून राहिले?" त्या हसल्या.

हे हसले नाहीत. नाव ऐकले, मगच लिहिले.

निकाल तोच आला. मधले दोन आठवडे मात्र गेले होते.

"हा विषाणू करते तरी काय?" यांनी विचारले. मी जपून सांगितले: तो आपली जनुके पेशीत घुसवतो, पेशीची वाढ रोखणारी प्रथिने निकामी करतो, मग गप्प असायला हवीत ती जनुके जागी होतात आणि पेशी वाढतच राहते.

त्यांचे वडील गावतलावाच्या दारावर पाणी सोडण्याचे काम पाहत. "म्हणजे दारावरच्या माणसालेच फितवलं," ते म्हणाले. मग आवाज उतरला. "अन् आला कुठून?"

संशयाचा रोख पत्नीकडे आहे, हे माझ्या ध्यानात आले. एरवी मी गप्पच राहिले असते.

"शरीरसंबंधातून येतो. वर्षानुवर्षे लपून राहतो. तुमच्याकडूनही आला असेल, अगदी लग्नाआधीचाही."

ते बराच वेळ काचपट्ट्या पुसत राहिले. "माझी तपासणी होते?"

"पुरुषांसाठी तशी नेहमीची तपासणी नाही."

"म्हणजे पाहताच येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दोघांना नागपूरच्या गाडीसाठी स्थानकावर पोहोचवायला गेले. त्या पुढे चालत होत्या. दोन्ही पिशव्या घेऊन हे चार पावले मागे, मान खाली घालून.  गाडी सुटेपर्यंत, खिडकीतले ऊन पत्नीच्या तोंडावर येत होते तिथे, ते पंजा आडवा धरून बसले. ज्या खात्रीपायी ते दोन आठवडे गेले, ती करायला त्यानंतर ते प्रयोगशाळेत आले नाहीत.