मर्लने दिलेला शब्द

मर्ल डोम्ब्रोस्कीबद्दल आमच्या टोलेडोत कुणालाही विचारा, माणूस सज्जन म्हणूनच सांगतील. मी त्याच्याबरोबर संघाच्या कचेरीत सगळी नोकरी काढली आहे, म्हणून मी सांगते: सज्जन होता, पण जिभेला लगाम नव्हता. आणि त्या एका जिभेपायी एका पोराचं नशीब टांगणीला लागलं.

मर्ल आमच्या बास्केटबॉल संघासाठी खेळाडू हुडकायचा. बायको गेल्यापासून त्याचं घर म्हणजे त्याची गाडी. हिवाळाभर आडगावच्या कॉलेजांत जायचं, गारठलेल्या बाकांवर बसायचं, पोरं पाहायची. असाच त्याला दक्षिणेकडे, लुइझियानात, जॅरविस टिबो सापडला. पोरगा उंचीने बेताचा, पण समोरच्याच्या हातातला चेंडू कधी काढून घेईल पत्ता लागत नसे. मर्ल त्याच्यावर खुळावलाच. पोराच्या आईच्या, लोरेटाच्या, स्वयंपाकघरात बसून राजमा-भात हाणून यायचा आणि इथे येऊन आम्हाला चवीने सांगायचा.

दर जूनला सगळे संघ कॉलेजातली पोरं वाटून घेतात. पाळीपाळीने एकेक नाव, अशा दोन फेऱ्या. त्याआधी पोरं गावोगाव जाऊन संघांना खेळून दाखवतात. मात्र एखाद्या संघाने आतून शब्द दिला, की ‘तू आमचाच’, तर पोराने बाकीच्यांकडे जायचं नाही, ही रीत. आणि हा शब्द फक्त संघाच्या मुख्य साहेबाने द्यायचा. मर्लसारख्याने नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

एप्रिलमध्ये जेवता जेवता हॅलोरन साहेब म्हणाले होते, “मर्ल, तुझा तो टिबो दुसऱ्या फेरीत उरला, तर आपलाच समज.” साहेब काय, तोंडात सँडविच असताना अर्धं जग वाटून टाकतात. मर्लला ती पडत्या फळाची आज्ञा वाटली. लोरेटाने विचारलं, “चार संघांनी बोलावलंय, पाठवू का?” तर हा म्हणाला, “कशाला? आम्ही घेतोय.” आईने चौघांना नकार कळवला.

हे मला निवडीच्या दिवशी दुपारी कळलं. आत खोलीत वाद पेटला होता. साहेबांना आता एकोणीस वर्षांचा एक लंबूटांग हवा होता. मोठ्या कॉलेजातला, वर्षभर बाकावरच बसलेला.

“त्याने केलंय काय आजवर?” मर्ल विचारत होता.

“केलं नाही, पण करेल. हात बघ त्याचे,” साहेब म्हणाले.

“हात माझ्या आजोबांचेही लांब होते. लोकांच्या झाडाची सफरचंदं काढायचे.”

सगळे हसले. मर्ल हसला नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो टिबोबद्दल बोलत सुटला, तेच तेच, पुन्हा पुन्हा. शेवटी साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मर्ल उठून बाहेर आला आणि कॉफीच्या यंत्रापाशी त्याने मला सगळं सांगितलं.

“बर्निस, पोरगं दुसऱ्या कुणाला दिसलेलंच नाही गं. आपण नाही घेतलं, तर कोण घेणार?”

मला असा संताप आला. “मेल्या, मग ताकाला जाऊन भांडं का लपवतोस? आत जा आणि सांग.”

“नोकरी जाईल.”

“जाऊ दे. तुझी जाईल, त्याची तरी लागेल.”

तो गेला. सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, “शब्द तू दिलास, मर्ल. संघाने नाही.”

“मला काढा. आत्ता काढा. पण त्याला घ्या.”

“तुला काढायचं उद्या बघू,” साहेब म्हणाले. संध्याकाळी दुसऱ्या फेरीत आमची पाळी आली तेव्हा त्यांनी लंबूटांगाचं नाव कळवलं.

मग मर्लने फोन घेतला आणि दुसऱ्या संघांतल्या ओळखीच्यांना लावत सुटला. अक्षरशः दारोदार भीक. मी शेजारी उभी होते. पलीकडचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. “अरे, आम्ही बोलावलं तेव्हा आला नाही तुझा राजपुत्र. आम्हाला वाटलं कुणीतरी आधीच उचललाय. आता न पाहिलेला खेळाडू कसा घेऊ?” दुसराही तेच. तिसऱ्याने तर उचललाच नाही. बैल गेला नि झोपा केला, म्हणतात ना, तसं. टीव्हीवर एकेक नाव येत होतं. प्रत्येक नावागणिक मर्ल खुर्चीत खचत होता. मला त्याचा राग होता, आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

शेवटचं नाव झालं. टिबो नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. लोरेटाचा.

“मिस्टर मर्ल, अख्खं चर्च जेवायला बोलावलंय मी. लोक ताटं घेऊन बसलेत. माझ्या तोंडून निघणार नाही. तुम्ही सांगा.” आणि तिने फोन सगळ्यांच्या मध्ये ठेवला असावा, कारण भांड्यांचा, खुर्च्यांचा आवाज आला आणि मग सगळं थांबलं.

मर्ल म्हणाला, “मी मर्ल. जॅरविसचं नाव आलं नाही. त्याच्यात काही उणं नाही. मी नको तो शब्द दिला. माझ्यामुळे झालं.”

शिव्या तरी द्या रे, असं मला झालं. मग पोराचाच आवाज आला, अगदी हळू, अदबीने.

“मिस्टर मर्ल, बॅग भरून ठेवलीय मी. तुम्ही शब्द दिलाय ना, मग उद्या कुठे येऊ?”

मर्लने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. फोन तसाच चालू राहिला.