सुईजवळचा डोळा

वांगी रंगाच्या ब्लाउजला आपण कथ्थई दोरा लावला, हे मीनाबाईंना सुनेनं सांगितलं तेव्हा कळलं. सौंसर गावात त्यांच्या शिवणाला नाव होतं. नवरा गेल्यावर त्यांनी मशीनच्या कमाईवरच मुलाला, वीरेंद्रला, शिकवून शाळामास्तर केलं. सुनेनं, प्रणालीनं, तो ब्लाउज मुकाट्यानं उसवून दिला, पण त्या दिवशी मीनाबाईंनी मशीनवर जे झाकण घातलं, ते काही काढलं नाही.

पांढुर्ण्याच्या डॉक्टरनं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. वीरेंद्रनं शाळेत विचारपूस केली. नागपूरला लेझरनं करतात, पातं लागतच नाही, असं कोणीतरी सांगितलं आणि त्यानं ठरवूनच टाकलं. खर्च साध्या ऑपरेशनच्या कितीतरी पट होता. त्यासाठी वरच्या खोलीचं बांधकाम थांबवायला तो तयार झाला.

मीनाबाईंना ते पटत नव्हतं आणि नाही म्हणायचा धीरही होत नव्हता. सासूबाईंचं ऑपरेशन त्यांनी पाहिलं होतं. डोळ्याला टाके, उताणं पडून राहणं, मग तो बाटलीच्या बुडासारखा चष्मा. पात्याचं नाव निघालं की त्या विषयच बदलायच्या.

नागपूरच्या डॉक्टर अनुराधा यांनी डोळे नीट तपासले. लेझरनं डोळ्याला काप घेतात आणि मोती फोडतात, पण तो बाहेर काढून लेन्स बसवायचं काम डॉक्टरच्या हातानंच होतं, असं त्यांनी समजावलं. साध्या पद्धतीतही आता काप बारीक असतो, बहुतेक वेळा टाका लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो. काही नाजूक डोळ्यांना लेझर बरं पडू शकतं. मीनाबाईंचे डोळे तसे नव्हते.

मीनाबाईंनी विचारलं, "मंग सुईत दोरा कोनत्यानं ओवता येईन?"

"दोन्हींनी सारखंच, मावशी. ते लेन्सच्या नंबरावर आहे. बहुतेक लोक दूरचं दिसावं अशी लेन्स घेतात, मग जवळच्या कामाला चष्मा लागतो. तुम्हाला जवळचं हवं का?"

हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. वीरेंद्र म्हणाला, सगळे दूरचंच घेतात. मीनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"मले जवळचं पाह्यजे. दूरचं पाहाले चष्मा लावीन. अन् लेझर नाही करत मी. वरची खोली बांध तू."

आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, त्या वेळी त्यांनी चादर मुठीत धरली होती. उजेड दिसला, पाणी आलं, डॉक्टर काहीबाही बोलत राहिल्या आणि झालंसुद्धा. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आधी सगळं पांढरंफटक वाटलं, मग हातावरच्या रेषा दिसल्या. त्या किती तरी वेळ आपला तळहातच पाहत बसल्या.

बाहेर बाकावर वीरेंद्रनं मोठा श्वास सोडला. "मले वाटून राहिलं होतं आई, काही कमीजास्त झालं असतं त जन्मभर मनाले लागलं असतं, का पैसे वाचवले म्हणून."

"तुले नाही लागलं असतं बाबू. निवडलं त मीच होतं."

त्याला डोळे पुसायला रुमाल सापडेना. मीनाबाई तोवर नोंदणीच्या खिडकीशी गेल्या होत्या, उजव्या डोळ्याची तारीख विचारायला.