अण्णांची अंड्याची वही

आमच्या ताईच्या सासऱ्यांइतका रागीट माणूस अख्ख्या रत्नागिरीत शोधून सापडला नसता, आणि वैशाखापासून मी त्यांच्यावर जितका रागावलेलो आहे तितके ते स्वतःसुद्धा कधी कोणावर रागावले नसतील. सगळे त्यांना अण्णा म्हणत. नाटे गावापासून राजापुरापर्यंतच्या शाळांत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि जन्मभर त्या भाषेचा राग केला. ती आपल्याला ओटीवरच बसवते, माजघरात कधी घेत नाही, ही त्यांची तक्रार. निवृत्त झाले त्या दिवशी गळ्यातला हार न काढताच ते घरी आले आणि ताईला म्हणाले, "भाषा काही आली नाही मला. आता एक शब्द तरी पुरता येऊ दे." तो शब्द होता एग. दर जूनमध्ये नव्या मुलांपुढे ते 'ई फॉर एग' म्हणत आले होते. एकदा सहज जाड शब्दकोश उघडला, तर एवढ्याशा शब्दाला दीड रकाना. आपण मुलांना पहिल्या ओळीवरच परत पाठवत आलो, हे लक्षात आल्यावर ते स्वतःवर जे चिडले ते चिडलेच.

त्यांनी एक लांबट वही घातली. शब्दकोशात आहे ती नुसती ऐकीव माहिती, असा त्यांचा कायदा होता. अर्थ आधी पेन्सिलीने लिहायचा, प्रत्यक्ष प्रचिती आली की त्यावर शाई फिरवायची, आणि ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याने खाली सही करायची. अंड्याच्या टरफलांवरून चालणे म्हणजे फार जपून वागणे, असं इंग्रज म्हणतो. अण्णांनी ताईकडून महिनाभर टरफलं जमवून घेतली, अंगणात पसरली आणि अनवाणी तीन फेऱ्या मारल्या. खाली शेरा लिहिला: 'काही होत नाही. उगाच भितात.' सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, याची परीक्षा घ्यायला ते राजापूरहून एसटीने दोन टोपल्यांत दोन डझन अंडी घेऊन आले. दोन्ही टोपल्यांतली फुटली. 'आपल्या रस्त्यांना ही म्हण लागू नाही,' असं लिहून त्यांनी त्याच संतापात वर्तमानपत्राला पत्रही धाडलं. म्हातारीला अंडं चोखायला शिकवू नये, अशीही इंग्रजांची एक म्हण आहे. त्यासाठी अण्णा मला घेऊन मिरकरवाड्याला गेले, लिलाव उरकून बसलेल्या एका म्हाताऱ्या मासेवालीपुढे कच्चं अंडं धरलं आणि ते चोखून कसं खायचं हे समजावू लागले. तिने ते हातातून काढून घेतलं, अंबाड्यातल्या आकड्याने टोचलं, एका घोटात संपवलं आणि टरफल त्यांच्या हातावर ठेवलं. "ह्यात शिकवायचा काय हाय, मास्तर?" अण्णांनी तिथेच टोपलीच्या कडेवर वही ठेवून शाई फिरवली. तिचा अंगठाही घेतला. वहीच्या त्या पानाला अजून बांगड्याचा वास येतो.

चिथावणे या अर्थाचा 'एग' मुळात अंड्याच्या कुळातलाच नाही, हे कळलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. त्याला शेवटच्या पानावर 'घुसखोर' अशा मथळ्याखाली टाकलं आणि वर तांबडी रेघ मारली.

पण सगळ्यांना धाक होता तो बॅड एगच्या पानांचा. नालायक माणूस म्हणजे बॅड एग. ही पानं चार होती आणि ती भरत चालली होती. त्यांत वायरमन होता, समोरचे आंबेवाले होते, फक्त गणपतीला मुंबईहून येतात म्हणून स्वतःचा मुलगा, म्हणजे आमचे भावोजी होते. मी तीनदा होतो. एकदा त्यांचा कोश बांधायला नेला आणि बाइंडरने समासातल्या त्यांच्या टिपांसकट कडा कापल्या म्हणून. एकदा "शेवटी अंडं ते अंडं" असं बोलून गेलो म्हणून. तिसरी नोंद पुढे सांगतो. ही सगळी नावं पेन्सिलीने होती, कारण माणूस सुधारू शकतो. गुड एगचं, म्हणजे भल्या माणसांचं, पान मात्र कोरं. ताईने अकरा वर्षं त्यांचं सगळं केलं, पण तिचंही नाव तिथे नाही. यावरून मी एकदा, क्वचित बोलतो तसा, बोललो. ते मला कपाट म्हणत. "उघडलं वाटतं कपाट," म्हणाले, "अरे, अंडं फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. जित्या माणसाचं नाव त्या पानावर यायचं नाही."

गेल्या चैत्रात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि आठवड्याच्या आत कोल्हापूरला न्या म्हणाले. मी अण्णांना न विचारता वेळ ठरवली, गाडी सांगितली. ही माझी तिसरी नोंद. त्याच दिवशी तांबडी कोंबडी खुडूक बसली होती आणि अण्णांनी तिच्याखाली सात अंडी ठेवली होती. दीड रकान्यातल्या सगळ्या अर्थांवर शाई फिरली होती. राहिला होता पहिला. ज्यातून पिल्लू बाहेर येतं ते. इतकी साधी गोष्ट त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. दर वेळी कोंबडी अंडी पंखाखाली ओढून घ्यायची, किंवा हे चहाला उठायचे आणि तेवढ्यात पिल्लू बाहेर.

"एकवीस दिवस थांब," ते म्हणाले.

"ताई बघेल ना पिल्लं."

"ती सही कशावर करील? ती म्हणेल, आली एकदाची."

"अण्णा, जिवापेक्षा वही मोठी आहे का?"

"एक ओळ राहिलीय रे. आणि तीही पहिली." हे मात्र ते रागाने बोलले नाहीत. ते चिडले असते तर मी त्यांना उचलून गाडीत घातलं असतं. ते विनवत होते, आणि मी कपाट, मिटून गेलो. गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी ताई जेवायला हाक मारायला मागच्या दारी गेली. खुराड्यासमोर खुर्चीत ते तसेच बसलेले होते, मांडीवर वही.

मग माणसं येऊ लागली. चटकन गेले, सोन्यासारखं मरण आलं, कोणाला त्रास दिला नाही, असं एकेक जण म्हणायचा आणि ताई मान हलवायची. कोणाला त्रास दिला नाही? तिसऱ्या दिवशी मला ते ऐकवेना. मी उठून मागच्या दारी गेलो आणि त्यांच्याच खुर्चीत बसलो, मनात त्यांना नको नको ते बोलत. कोंबडीच्या छातीपाशी एक अंडं थोडं बाहेर आलं होतं. त्याला भोक पडलेलं होतं. आतून एक टोक हलायचं, थांबायचं, बराच वेळ काहीच नाही, पुन्हा हलायचं. घरातून चहाला हाका आल्या. मी हललो नाही. दुपार कलली तेव्हा टरफलाचं टोपण उचललं गेलं आणि ओलं, कुरूप, दमलेलं काहीतरी बाहेर पडलं. ते सुंदर नव्हतं. पण मी अण्णांसाठी म्हणून डोळे मिटले नाहीत.

वही सहा महिने मी उघडली नाही. परवा ताईने आणून पुढ्यात ठेवली. "तू पाहिलंयस," म्हणाली, "सही तुझीच." पहिल्या अर्थावर मी त्यांच्याच पेनने शाई फिरवली, खाली सही केली. शब्द पुरा झाला. मग गुड एगचं कोरं पान काढून त्यावर त्यांचं नाव लिहिलं.

ताई खांद्यावरून बघत होती. "हे पेन्सिलीने का?"

"राग आहे अजून."

"असू दे," ती म्हणाली आणि कोंबड्यांना कणी टाकायला गेली. त्या सातांतल्या तीन आता अंडी घालायच्या बेतात आहेत.

पेन मी वहीतच ठेवलं आहे. राग उतरला की त्या नावावर शाई फिरवीन. तो उतरायची मला घाई नाही.