शिळी लाईट

आईची बॅटरीवर चालणारी खुर्ची घरी आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "ही मागची हँडलं काढता येतील का?" आयुष्यभर तिने हॉस्पिटलात आया म्हणून लोकांच्या खुर्च्या ढकलल्या. आता संधिवाताने पाय गेले म्हणून आपल्याला कुणी ढकलावं, हे तिला मान्य नव्हतं. हँडलं राहिली, पण त्यांना हात लावायची सोय नव्हती.

वरळीची आमची बीडीडी चाळ पुनर्विकासात गेली आणि आम्ही टॉवरात आलो, म्हणून तर अशी खुर्ची घेता आली. चाळीच्या जिन्यावरून ती उतरवायला रोज चार माणसं लागली असती. इथे लिफ्ट आहे, खाली उतार आहे. दर पौर्णिमेला आई एकटी विहारात जायची. सगळ्यांना बुद्धवंदना सांगायची, मग जुन्या शेजारणींबरोबर तास-दीड तास बसायची. मी येते म्हटलं की म्हणायची, "नको गं बाई. तू आलीस की सगळ्या गप्प बसतात. मग सुनांबद्दल बोलायचं कधी?"

वर्षभर हे छान चाललं. मग खुर्ची दमायला लागली. आधी चढावर कुरकुर, मग येताना दिवा लाल. आणि एका पौर्णिमेला ती परतीच्या वाटेवर सिग्नलला जी थांबली ती थांबलीच. मी पोचले तेव्हा एक शहाळेवाला आणि एक हवालदार मिळून तिला ढकलत होते, आणि आई समोर बघत अशी बसली होती की ही मिरवणूक जणू दुसऱ्याच कुणाची आहे.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं, "पुन्हा असं झालं तर दर पौर्णिमेला मी सोबत येणार."

"आणि नाही झालं तर?"

"तर तू आणि तुझ्या मैत्रिणी."

"ठीक आहे," ती म्हणाली. आता खुर्ची नीट चालवणं हे माझंही काम झालं, कारण सुनांच्या गप्पा ऐकत बसायची मलाही हौस नव्हती.

सीटखाली दोन बॅटऱ्या शेजारी-शेजारी बसतात, एकीला दुसरी जोडलेली. त्यांच्या तारा मी घट्ट केल्या, टोकं पुसली, चार्जर दुसऱ्या प्लगला लावून पाहिला. चार्जिंगबद्दल शंका नव्हती. रात्री आई स्वतः पिन लावायची आणि सकाळी हिरवा दिवा बघूनच काढायची. तरी खुर्ची दिवसेंदिवस लवकर मान टाकत होती.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून लवकर सुटले. लिफ्टचं दार उघडलं तर समोरून आई भरधाव आली, पॅसेजच्या टोकाला गेली, वळली, परत आली. शेजारीण दारात भाजी निवडत होती. "आल्या बघा तुमच्या आई," मला म्हणाली. "रोज असतं हो यांचं. सात वाजले की शर्यत."

"आई, काय चाललंय?"

"संपवतेय."

"काय?"

"कालची लाईट. थोडी उरते ना आत. ती तशीच ठेवून वर ताजी कशी भरायची?"

मला एकदम सगळं कळलं. चाळीत सकाळी तासभर पाणी यायचं. आई कालचं उरलेलं पाणी ओतायची, हंडा घासायची, मग नवीन भरायची. शिळं पाणी आमच्या घरात कुणी प्यायलं नाही. टॉवरात नळ दिवसभर वाहतो, तरी ती ओततेच. आता खुर्चीही रोज रिकामी करून, म्हणजे पार लाल दिवा लुकलुकेपर्यंत पळवून, ती 'ताजी' भरत होती. आणि या बॅटऱ्यांना मारायचं असेल तर याहून चांगला उपाय नाही.

चिंचपोकळीहून मेकॅनिक आला. त्याने दोन्ही तपासल्या. "मावशी, एक पार गेली. दुसरी थोडी धरून आहे. दोन्ही बदला."

"धरून आहे तिला कशाला काढतोस?"

"नवी-जुनी एकत्र चालत नाही. जुनी लवकर दमते, तिच्यापायी नवीही खराब होते."

"म्हणजे सासू-सून," आई म्हणाली. "मग सासूला काढ."

"सासूला काढली तरी सुनेच्या जोडीला सूनच लागते, मावशी. एकाच दिवशी आणलेली."

हे आईला इतकं आवडलं की तिने दोन्ही बॅटऱ्या बदलू दिल्या आणि त्याला दोनदा चहा दिला. मात्र बॅटरी अर्धी असतानाच चार्जिंगला लावायची, हे तिला काही केल्या पटेना. त्याने व्होल्ट सांगितले, मी आवाज चढवला. ती ढिम्म.

शेवटी मी विचारलं, "दह्याचं भांडं तू तळापर्यंत खरवडतेस का?"

"खरवडून कसं चालेल? विरजणाला नको?"

"मग?"

तिने खुर्चीच्या दांड्यावरचे, किती चार्ज उरलाय ते दाखवणारे दिवे बोटाने मोजले. "असं आधी सांगायचं ना," म्हणाली. "व्होल्ट-व्होल्ट काय लावलंय दोघांनी."

पॅसेजमधली शर्यत बंद झाली. शेजारणीला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

पुढच्या पौर्णिमेला आई एकटी गेली. मी घरी बसून कपड्यांना इस्त्री करत होते आणि फोनकडे बघत नव्हते. ती यायच्या वेळेला आली नाही. मी दोनदा फोन केला, दोनदा कट. आली ती अंधार पडल्यावर, केसात कुणीतरी दिलेली अबोली.

"कुठे होतीस?"

"विहारातून पुढे गेले. शिवडीला. तिथल्या मैत्रिणीचा पाय मोडलाय ना, ती येऊ शकत नाही."

"शिवडी? आई, खुर्ची अर्ध्या वाटेत बंद पडली असती तर?"

"दोन दिवे शिल्लक आहेत, बघ." तिने पिन लावली, दिवा पेटल्याची खात्री केली. "दादरला जाऊन यायला पुरेल का गं? चैत्यभूमीपर्यंत?"

"मेकॅनिकला विचारून सांगते."

"विचारलंय मी. पुरेल म्हणाला."