बिबड्यांचं पोतं

कुणाचं भांडं परत द्यायचं असलं की नाना आधी ते तिरकं करून आत बघायचे. रिकामं दिसलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. मग निदान चिमूटभर साखर तरी आत पडायची. "रिकामं भांडं परत देवानं नही, भाऊ," हे त्यांचं अहिराणीतलं पालुपद. तुमच्याही गल्लीत असा कुणी असेल. आमच्या जळगावच्या डेअरीत हे होते.

मी तिथे सुपरवायझर, नाना गोदामात हंगामी कामगार. मूळचे धरणगावकडचे, पिंप्राळ्यात भाड्याच्या खोलीत राहायचे. त्या ऐंशीच्या दशकात युरोपातल्या देशांनी मिळून आपल्याला दुधाची भुकटी भेट धाडली होती. उन्हाळ्यात म्हशी आटल्या की ती कालवून शहराचं दूध पुरवायचं. कागदी पोत्यांची थप्पी लावता लावता नानांनी मला एकदा विचारलं, "हाई बठ्ठं त्यास्नी फुकट दिधं?"

"हो. सरकारासरकारांतला करार आहे."

"मंग आपन काय दिधं?"

"नाना, देशादेशांत तसं नसतं," मी म्हणालो. कसं असतं ते खरं तर मलाही धड माहीत नव्हतं.

मग त्या देशांचे पाहुणे डेअरी बघायला येणार असं कळलं. साहेबांनी सगळ्यांना बजावलं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि कुणी काही द्यायचं-घ्यायचं नाही. नानांना कायम करायची ऑर्डर त्याच साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलेली होती. मी नानांना बाजूला घेतलं. "या खेपेला गप्प राहा. सही होऊ द्या."

"गप्पच ऱ्हासू," नाना म्हणाले.

आणि राहिलेही हो. पाहुण्यांमधली एक उंच बाई गोदामाच्या दाराशी आली, तेव्हा हा गृहस्थ तोंडातून शब्द न काढता पोतं छातीशी धरून पुढे झाला. भुकटीचंच रिकामं पोतं, झटकून पुसून घेतलेलं. आत नानांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, वाळवलेले ज्वारीचे बिबडे, आमच्या खानदेशातले पापड. लसणाचा वास थेट साहेबांपर्यंत गेला. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

बाईंनी पोत्यावरची छापील अक्षरं वाचली. भेट, विक्रीसाठी नाही. त्या हसल्या आणि मध्येच थांबल्या. पोतं दोन्ही हातांनी घेतलं, काखेत धरलं आणि पर्समध्ये द्यायला काही सापडतं का ते चाचपू लागल्या. तेव्हा कुठे नानांनी तोंड उघडलं.

"आते नको, अक्का. पुढला येळे. येनंजानं ऱ्हाई."

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी ते सांगितलं. बाईंनी नानांना नमस्कार केला, आपल्यासारखाच, हात जोडून.

ऑर्डर टेबलावरून खणात गेली. कायम व्हायला नानांना पुढे कितीतरी वाट बघावी लागली. मी चिडून म्हणालो, "काय मिळवलंत हे करून?"

"पोतं रिकामं नही गयं ना, भाऊ."

असा राग आला होता त्यांचा. आणि तेवढीच मायाही वाटली.

नोकरी संपल्यावर नाना अंथरुणाला खिळले. मी स्कूटरवरून पिंप्राळ्याला डब्यात मऊ खिचडी घेऊन जायचो. शेवटचा डबा त्यांच्याकडेच राहिला. नाना गेले, दिवसकार्य झालं, आणि एका सकाळी वहिनी तो डबा घेऊन आमच्या दारात उभ्या. मी म्हणालो, "वहिनी, डब्याची कसली घाई होती?"

"तेस्नी सांगेल व्हतं," एवढं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी झाकण काढलं. आत बिबड्यांचे तुकडे, डब्यात मावावेत म्हणून हातानं मोडलेले.

त्या आठवड्यात बायकोनं केलेले लाडू घालून मी डबा पिंप्राळ्याला पोचवला. मग तिकडून कुरडया आल्या. नानांना जाऊन बरीच वर्षं झाली. या घडीला डबा वहिनींकडे आहे.